खिडकीजवळच्या थाळीचा मत्सर

मी एक जुनी थाळी आहे, पण मित्रांनो, माझ्यात आजवर कुणी भात कालवलेला नाही. मी गोळ्या मोजायची थाळी. निळ्या प्लास्टिकची, वीतभर रुंद, एका कडेला पन्हळ आणि तिच्यावर झाकण. मोठ्या बाटलीतून गोळ्या माझ्यावर ओतायच्या, चपट्या पट्टीने पाच-पाच करून पन्हळीत ढकलायच्या, उरलेल्या कोपऱ्यातून परत बाटलीत सोडायच्या. एवढंच माझं काम. ते मी सत्तावीस वर्षं केलं आणि चांगलं केलं. स्वतःच स्वतःचं कौतुक करतेय खरी, पण दुसरं कुणी करत नव्हतं म्हणून ती सवय लागली.

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव मत्सरी आहे. ही हकीकत त्या मत्सराचीच आहे, आणि शेवटाकडे जाताना मला तिची लाज वाटणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच साच्यातून माझ्या शेकडो बहिणी निघाल्या, कोण कुठे गेली देव जाणे. मी खोक्यात बसून कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात, लोमा सेका गावच्या दवाखान्यात आले. दवाखाना गरिबांचा. द्राक्षं तोडणारे, संत्री उतरवणारे, फळं खोक्यात भरणाऱ्या बायका, हे आमचे रोगी. औषधांची खिडकी ओफेलिया बार्रिएन्तोस नावाच्या बाईंची. सारं गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे. कागदपत्रं इंग्रजीत असत आणि माणसं स्पॅनिशमध्ये बोलत, आणि ओफेलियाबाई दिवसभर या भाषेतून त्या भाषेत ये-जा करत, स्वयंपाकघरातून माजघरात जावं इतक्या सहज. त्यांच्या हातात मी असे. त्यांना माझ्यावाचून करमत नसे, असं मी तरी समजत होते.

मग एक लाल थाळी आली. पेनिसिलीनची भुकटी दुसऱ्या औषधात गेली तर एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, जिवावरही बेततं, म्हणून त्या गोळ्यांसाठी वेगळी थाळी हवी. कारण अगदी रास्त होतं. तरीही तिला पहिल्यांदा धुऊन पुसून माझ्या शेजारी ठेवली तेव्हा माझा तिळपापड झाला. तिला मी मनात लाली म्हणते. ती फार बोलत नाही, त्याचाही मला राग येतो.

पण माझ्याकडे एक मान होता, तो लालीकडे नव्हता. दर जुलैला आमच्याकडे एक नवं माणूस येई. औषधशास्त्राची पदवी घेतलेलं, गळ्यात कोरं ओळखपत्र, डोक्यात सगळी पुस्तकं. त्यांना रेसिडेंट म्हणतात. पदवीनंतरचं हे आणखी एक वर्षाचं शिक्षण, आणि ते मोठ्या शहरात न घेता आमच्यासारख्या ठिकाणी घ्यायचं. रोग्यासमोर बसून साखरेची, रक्तदाबाची औषधं किती वाढवायची, कधी थांबवायची हे शिकायला ही मुलं येत. येताच त्यांना रोग्यासमोर बसायची घाई असे. ओफेलियाबाईंचा नियम मात्र ठरलेला. पहिला महिना खिडकीशी उभं राहायचं आणि माझ्यावर गोळ्या मोजायच्या. मान खाली, तोंड बंद. त्या म्हणत, खोलीत समोर बसवलं की माणूस शहाण्यासारखं बोलतो, रांगेत उभा असला की खरं बोलतो.

नेब्रास्काचा वेंडेल आला होता, सहा फूट उंच. त्याची स्पॅनिश ऐकून रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावल्यासारखा रुमाल लावत. पहिल्या आठवड्यात त्याने माझ्यावर तीनदा चुकीचं मोजलं, कारण कान रांगेत होते. महिना संपेपर्यंत त्याला ठाऊक झालं होतं की कोणती आजी नातवाच्या खोकल्याचं औषध स्वतः पिते, आणि कोणते दोन भाऊ रक्तदाबाची एकच बाटली अर्धी-अर्धी वाटून घेतात. हे त्याला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं, माझ्यापाशी उभं राहून कळलं होतं. वर्ष सरल्यावर जाताना त्याने मला स्वच्छ पुसलं आणि "येतो गं," म्हणाला. पुढे आठवडाभर मी लालीकडे ढुंकून पाहिलं नाही.

नंतर ते मोजणीचं यंत्र आलं. कुठल्याशा अनुदानातून आलं, त्याच्यासोबत फोटो काढले गेले. गोळ्या ओतल्या की खडखड करत ते एका मिनिटात मोजून मोकळं. माझी रवानगी खिडकीखालच्या फळीवर झाली, वाळलेल्या पेनांच्या आणि कागदाला भोकं पाडायच्या मोडक्या पंचाच्या शेजारी. पेनिसिलीन यंत्रात घालायचं नाही म्हणून लालीची नोकरी शाबूत राहिली. तुम्हीच सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

तरी मी आस धरून होते. यंत्र मोजेल, पण रेसिडेंटला ऐकायला काय यंत्र शिकवणार? जुलै येऊ दे, बाई मला वर काढतील.

जुलै आला आणि इत्झेल कामारियो आली. ती आमच्याच गावची. तिचे आईवडील द्राक्षमळ्यात काम करत. ती पोटात असताना तिच्या आईला लोहाच्या गोळ्या याच खिडकीतून, माझ्यावर मोजून गेल्या होत्या. तिला दारात पाहून ओफेलियाबाईंचे डोळे भरून आले. पंचवीस-सव्वीस रेसिडेंट येऊन गेले, कुणासाठी बाईंनी डबा आणला नव्हता. हिच्यासाठी मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात वाफवलेले तामाले येऊ लागले. आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी तिला सरळ आतल्या खोलीत, रोग्यांसमोर बसवलं. कुणीतरी नियमाची आठवण करून दिली तर म्हणाल्या, "तिला काय कान द्यायला शिकवायचं? ती आपलीच आहे."

मित्रांनो, यंत्राचा मला राग होता, पण यंत्रावर कुणी माया करत नव्हतं. या पोरीने मला हातसुद्धा न लावता सगळं मिळवलं होतं. त्या दिवसापासून मी तिच्या वाईटावर टपले.

त्याच महिन्यात इलारिओ तोवार तिच्यासमोर आला. पन्नाशीचा मजूर, जुना मधुमेही. नव्या बुटाने उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम केली होती आणि साखर इतकी चढलेली की ती भरून येईना. डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं होतं, सहा-सात आठवड्यांत साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. अंगठा गेला तर पायाचा जोर गेला, आणि हिवाळ्यात संत्र्यांसाठी शिडी चढायची असते. शिडी सुटली की इलारिओचं वर्ष सुटलं.

खोलीचं दार उघडं असे, मला सगळं ऐकू येई. इत्झेलने काही कमी केलं नाही, हे आज कबूल करते. त्याला इन्सुलिन कसं टोचायचं ते दाखवलं, मग पुस्तकात सांगतात तसं त्याच्याच तोंडून परत म्हणवून घेतलं.

"आणि बाटली कुठे ठेवायची, काका?"

"उन्हात नाही. थंड जागी," इलारिओ म्हणाला. "मी तर जिवापाड थंड ठेवतो, पोरी."

तिने उत्तर बरोबर म्हणून लिहून घेतलं. दर आठवड्याला तो यायचा, दर आठवड्याला साखर तिथल्या तिथे. ती इन्सुलिन वाढवत गेली. तो एकही दिवस चुकवत नाही म्हणे, शपथ घेऊन सांगे. इत्झेलच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं. मला बरं वाटलं. वाटलं, आता कळेल बाईंना, कुणाला डोक्यावर घेतलं ते.

आणि ऑगस्टच्या शेवटी, एका टळटळीत दुपारी, मी ते ऐकलं. इलारिओच्या टोळीतला नाबोर रांगेत उभा होता, शेजाऱ्याला हसवत होता. सहा माणसं एका घरात राहतात, तिथल्या फ्रिजवर इलारिओचा भरवसा नाही, म्हणून तो आपली बाटली रोज मळ्यात नेतो. आणि तीही कुठे ठेवतो? पाण्याच्या बाटल्यांच्या बर्फाच्या पेटीत, अगदी तळाला. दिवसभर बर्फ टिकावा म्हणून आमचे लोक त्यावर खडेमीठ टाकतात, मग त्या तळात असली थंडी होते की हात घालवत नाही.

"जेवायच्या सुट्टीत बाटलीचा दगड झालेला असतो," नाबोर सांगत होता. "मग हा बसतो काखेत धरून, कोंबडी अंड्यावर बसते तसा."

मला कळलं, मित्रांनो. त्याच क्षणी कळलं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी पाणी टोचल्यासारखंच, हे ओफेलियाबाईंच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं. बिचारा सांगितलेलं मनापासून पाळत होता आणि रोज निकामी औषध टोचून घेत होता. वर यंत्र खडखडत होतं, त्यामुळे खिडकीत कुणालाच काही ऐकू गेलं नाही. एकट्या मला गेलं.

थाळीला तोंड नसतं, हे खरं आहे. पण मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. तोंड असतं तरी मी त्या दिवशी बोलले नसते. मला आनंद झाला होता. पोरगी हरणार, बाई पस्तावणार आणि मला फळीवरून वर काढणार, एवढंच माझ्या मनात आलं. त्या माणसाचा अंगठा माझ्या मनात आलाच नाही.

तीन आठवडे गेले. सप्टेंबरात असा उकाडा झाला की गावाची वीज गेली. दवाखान्याच्या जनरेटरवर औषधांचा फ्रिज आणि दिवे कसेबसे चालले. यंत्र मुकं पडलं. रांग दाराबाहेर गेली, तेव्हा ओफेलियाबाईंनी इत्झेलला खोलीतून बोलावलं, वाकून मला बाहेर काढलं, पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

तिला पट्टी नीट धरता येत नव्हती. मी मनात हसले. पाच, दहा, पंधरा. खिडकीत शांतता होती, आणि रांगेतलं बोलणं पहिल्यांदाच स्वच्छ आत येत होतं. अर्ध्या तासाने नाबोरची पाळी जवळ आली आणि त्याने तोच विनोद पुन्हा सांगितला, काखेतल्या अंड्यासकट.

पट्टी थांबली. इत्झेलचा हात माझ्यावर तसाच राहिला. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "नाबोरभाऊ, दगड म्हणजे? गोठलेली असते? रोज?"

"रोज," नाबोर म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं.

अर्ध्या मोजलेल्या गोळ्या माझ्यावर टाकून ती गाडी घेऊन मळ्यात गेली. आमच्याकडची चांगली बाटली, फडक्यात गुंडाळून पेटीत वरच्या बाजूला कशी ठेवायची ते, आणि डोस पुन्हा खाली किती आणायचा ते, सगळं तिने वेलींच्या ओळीत उभं राहून इलारिओला समजावलं. आठ दिवसांत साखर उतरू लागली. औषध बरोबर होतं, माणूस बरोबर होता.

पण जखमेने वाट पाहिली नव्हती. अंगठा काळा पडला होता. ऑक्टोबरात तो काढावा लागला.

त्या संध्याकाळी इत्झेल खोलीत रडत होती. ती म्हणाली, तिच्या आईवडिलांनी तिला कधी मळ्यात पाऊल टाकू दिलं नाही, अभ्यास कर म्हणाले. बर्फाच्या पेटीत तळाला काय असतं ते तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. ओफेलियाबाई तिच्या समोर बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तू आपली, म्हणून मी तुला आपल्या माणसांचं ऐकायला उभंच केलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून इत्झेल रोज सकाळी तासभर माझ्यावर मोजू लागली, यंत्र चालू असतानाही. कुणी सांगितलं नव्हतं. वर्ष संपलं, ओफेलियाबाई निवृत्त झाल्या आणि इत्झेल याच खिडकीत राहिली. इलारिओ आता पॅकिंगच्या शेडमध्ये बसून खोकी चिकटवतो. शिडीवरच्या मजुरीच्या अर्धं मिळतं. औषधाला येतो तेव्हा लंगडत येतो आणि इत्झेलला "पोरी" म्हणतो, पूर्वीसारखंच.

या जुलैला नवा रेसिडेंट आला. इत्झेलने मला त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, महिनाभर मोज आणि गप्प राहा. शेजारी यंत्र असताना हे कशाला, असं त्याने विचारलं. विचारणारच.

"मी इथे महिनाभर उभी राहिले असते," इत्झेल म्हणाली, "तर एका माणसाचा अंगठा त्याच्या पायाला असता."

यंत्र आल्यापासून मी याच शब्दांसाठी जळत होते. यंत्रापेक्षा मी मोठी, हे सगळ्यांदेखत कुणीतरी म्हणावं. म्हटलं गेलं, लालीनेही ऐकलं. आणि मला ते ऐकवेना.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, अडगळीत टाकू नका, असं काही मी सांगणार नाही. आमचं काय, आज आहोत उद्या नाही. तुमच्या घरात कुणी औषधावर असेल तर "घेतलंस का?" एवढं विचारून थांबू नका. "कुठे ठेवतोस, दाखव," म्हणा आणि उठून त्याच्याबरोबर जाऊन बघा. मला पाय नव्हते. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी मला जायचंही नव्हतं.