चाळीस गवसण्यांचं माप

शाळेत चाळीस टॅब आले, त्या दिवशी मोठ्या सरांनी सगळ्यांत आधी एक कुलूप विकत आणलं. टॅब सगळ्या मुलांसाठी आणि सगळ्या विषयांसाठी आहेत, असं सोबतच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि टॅबबरोबर कपाटात ठेवून दिलं. एखाद्याची काच फुटली तर जबाब कोण देणार, एवढी एकच काळजी त्यांना होती. वापराची नोंदवही मात्र ते रोज शाळा सुटताना सुवाच्य अक्षरात भरत. गणित, वापर झाला. भूगोल, वापर झाला. शिवणासाठी त्यांनी रकानाच आखला नव्हता.

शिवणबाईंना हे लागलं. तेवीस वर्षं त्या कोपऱ्यातल्या खोलीत सहा शिलाई मशीन जिवापाड सांभाळत होत्या. शाळेतला प्रत्येक वर्ग आठवड्यातून दोन तास त्यांच्याकडे यायचा, बटण लावायला शिकायचा आणि बोटाला सुई टोचून घेऊन परत जायचा. आणि आता सरांनी बैठकीत सांगून टाकलं होतं, की एकदा तपासणी झाली की शिवण बंद. मशीन अडगळीत जातील आणि त्या खोलीत टॅबचा वर्ग भरेल. सुईदोऱ्याचा जमाना गेला, म्हणाले. गणिताच्या सरांनी मान डोलावली. नवी वस्तू अशी उघडी ठेवली तर ओरखडे पडतील, एवढंच बाई म्हणाल्या.

मोठ्या सरांचा चेहरा उतरला. मग बाईंनीच तोडगा काढला. प्रत्येक टॅबला जाड कापडाची, आतून अस्तर लावलेली गवसणी शिवून देते म्हणाल्या.

"आणि माप?" सरांनी विचारलं.

"एकेकाचं घ्यावं लागेल. मापाशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

अशी कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला आली, आणि माप घेणं चार महिने चाललं.

पहिल्याच दिवशी सातवीतली एक डावखुरी मुलगी म्हणाली, की बाई, हे तर सगळे सारखेच आहेत. बाईंनी तिला हे बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलं आणि सगळ्यांत आधी तिच्याच हातात टॅब दिला. बाईंना स्वतःला तो चालू करताही येत नव्हता. ते पाचवीच्या पोरांनी शिकवलं आणि वर बाईंच्या बावळटपणाला हसूनही घेतलं. हळूहळू खोलीला रंग चढला. घेरदार झग्याला किती कापड लागेल ते काढताना आठवीला वर्तुळाचा परीघ समजला. कापडाचा फोटो मोठा करून पाहिला तर दोरखंडासारखे धागे दिसले, मग हा कापूस कुठून येतो म्हणून नकाशे उघडले. सहावीतला एक अडखळत बोलणारा मुलगा कोपऱ्यात बसून आपलंच कवितावाचन टॅबमध्ये भरायचा आणि ऐकायचा. बाराव्या खेपेला त्याने ते वर्गाला ऐकवलं. बाईंनी उगाचच एका मशीनला तेल घातलं.

मोठे सर मधूनच डोकावत. त्यांच्या बुटांचा आवाज आला की क्षणात चाळीस टॅबांवर चाळीस मोजपट्ट्या पसरत आणि मुलं गंभीरपणे आकडे लिहू लागत. सर समाधानाने परत जात. चार महिन्यांत गवसण्या झाल्या अकरा. कधी अस्तर कमी पडलं, कधी चेन आली नाही, बाईंकडे कारणांना तोटा नव्हता.

मग तपासणीच्या मॅडम आल्या. सरांनी नोंदवही पुढे केली. मॅडमनी ती बाजूला सरकवली, एकामागून एक टॅब चालू केले आणि शेजारी वेळापत्रक पसरलं. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय उघडलं, सगळं आत होतं. गणिताच्या तासाला एकदाही टॅब चालू झाला नव्हता. भूगोलाच्या नाही, भाषेच्या नाही. झाला तो फक्त शिवणाच्या तासाला. आणि त्यात गणितही होतं, भूगोलही होता, कविता तर बारा वेळा होती.

शिवणाच्या तासाला काय चालतं, असं मॅडमनी विचारलं. बाई म्हणाल्या, मापं घेतो.

गणिताचे सर इतका वेळ टॅबांकडे टक लावून बघत होते. "पण हे चाळीसही एकाच मापाचे आहेत," ते म्हणाले.

"तुमच्या लक्षात यायला चार महिने लागले, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "सातवीतल्या मुलीच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं."

मॅडमनी नोंदवही उचलून तोंडापुढे धरली. ती खाली आली तेव्हा त्यांनी शेऱ्यात लिहिलं, की शिवण बंद करू नये, टॅब शिवणखोलीतच राहावेत आणि बाकीच्या शिक्षकांनी ते तिथूनच न्यावेत.

सोमवारी गणिताचे सर आपला वर्ग घेऊन दारात उभे राहिले. बाईंनी कपाट उघडून मुलांना टॅब वाटले, एकालाही मागे ठेवलं नाही. मग सरांसाठी स्टूल ओढलं आणि त्यांच्या हातात सुई दिली.

"एकोणतीस गवसण्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. "माप तर तुम्हाला माहीतच आहे."

सर बसले. सुई ओवायला त्यांना सात मिनिटं लागली, आणि ती मिनिटं त्यांच्या वर्गाने टॅबवर मोजली.