गुणी लेकरू

लेकराकडं नुसतं बघत बसायचा अभ्यासक्रम असतो, हे आकांक्षानं घरी सांगितलं तेव्हा तिच्या सासूबाईंनी, जनकाबाईंनी, हातातलं सूप खाली ठेवलं. आमी चार लेकरं बघितली, मोठी केली, आमाला कुणी सर्टिफिकीट दिलं न्हाई, असं म्हणून त्या पुन्हा तूर पाखडायला लागल्या. आकांक्षा हसली. पण तिला ते सर्टिफिकेट हवं होतं, आणि हट्टानं हवं होतं.

सेनगावात अकरा वर्षं अंगणवाडी चालवताना तिनं लेकरांची वजनं केली, उंच्या मोजल्या, रजिस्टरं भरली. एखादं लेकरू मात्र वजनानं ठीक असूनही आतून मिटत चाललंय असं तिला दिसायचं, आणि त्याला रजिस्टरात रकाना नव्हता. मीटिंगमध्ये ती त्यावर बोलायला उभी राहिली की वरचे साहेब विचारायचे, बाई, तुमचं शिक्षण किती? बारावी म्हटलं की सगळे पुढच्या विषयाकडं वळायचे. म्हणून तिनं पुण्याच्या एका संस्थेचा, तान्ह्या बाळांच्या मानसिक आरोग्याचा, वर्षभराचा अभ्यासक्रम धरला. तो कागद हातात आला की निदान आपलं बोलणं कुणी मध्येच तोडणार नाही, असं तिला वाटत होतं.

अभ्यासक्रमाची मुख्य अट ऐकायला सोपी होती. एकच बाळ निवडायचं आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी त्याच्या घरी जाऊन तासभर त्याला बघायचं. असे चोवीस तास. तिथं वही काढायची नाही, सल्ला द्यायचा नाही, कशात मध्ये पडायचं नाही. घरी येऊन आठवेल तसं लिहायचं आणि पुण्याच्या मॅडमना पाठवायचं. लागोपाठ दोन आठवडे खाडा झाला की सगळं रद्द. आता आपल्याकडं दुसऱ्याच्या घरात रिकाम्या हातानं बसून तान्ह्या लेकराकडं टक लावायची म्हणजे काय दिव्य असतं, हे पुण्यात बसून अटी लिहिणाऱ्यांना कोण सांगणार? शेजारच्या बाईनं दोनदा बघितलं तरी आपण मीठमोहऱ्या उतरवून टाकणारी माणसं.

तरी एक घर मिळालं. महादेवाच्या देवळाची पूजा सांभाळणारे उद्धवराव, त्यांच्या पत्नी अनुसूयाबाई आणि सून केतकी. केतकीचा नवरा संभाजीनगरला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा. केतकी रिसोडहून, माहेराहून, सव्वा महिन्याच्या शौनकला घेऊन परतली होती आणि तिनंच आकांक्षाला हो म्हटलं होतं. पहिल्या गुरुवारी चार वाजता आकांक्षा गेली तर अनुसूयाबाईंनी तिच्यासाठी ओट्यावर सतरंजी टाकलेली. इथंच बसा, लेकरू भाईर आणते, म्हणाल्या. बुद्धविहारामागच्या गल्लीतून आलेल्या बाईला सतरंजी ओट्यावर का टाकतात, हे आकांक्षाला लहानपणापासून ठाऊक होतं. लेकरू असतं तिथंच बसायचा नियम आहे, असं सांगून ती सरळ आत गेली आणि पाळण्याजवळ फरशीवर बसली. अनुसूयाबाईंनी मग शौनकच्या दोन्ही गालांना काजळ लावलं आणि तासभर दारात उभ्या राहिल्या.

पहिले तेरा-चौदा आठवडे बरे गेले. केतकी दारात दिसली की पोरगं पाय झाडायचं, ती जवळ येईना तर तोंड वाकडं करून भोकाड पसरायचं. हळूहळू ते थांबलं. केतकी दूध पाजायची ती भिंतीकडं बघत, आणि शौनक दूध प्यायचा तो ट्यूबलाइटकडं बघत. भूक लागली की नुसत्या मुठी उघडायच्या आणि मिटायच्या, आवाज नाही. आई खोलीत आली तरी मान वळायची नाही. केतकीच्या वेणीला तीन-तीन दिवस फणी लागलेली नसायची. आकांक्षा हे सगळं घरी येऊन लिहायची आणि मॅडम फोनवर विचारायच्या, बघताना तुम्हाला काय वाटलं? राग आला, आकांक्षा सांगायची. त्या रागासोबत बसा, मॅडम म्हणायच्या. आकांक्षा बसली. एक नाही, पाच आठवडे बसली, आणि त्या पाच आठवड्यांची लाज तिला अजून वाटते.

एकोणिसाव्या गुरुवारी हळदीकुंकवाला आलेल्या चार-पाच बाया अनुसूयाबाईंनी पाळण्यापाशी आणल्या. आमचं लेकरू लई गुणी, त्या कौतुकानं सांगू लागल्या, निजवलं तिथं पडून राहतंय, रडणं कशाला म्हणतात माहीतच न्हाई. बाया वाहवा करत होत्या. कोपऱ्यात केतकी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती, आपल्याबद्दल काहीच चाललेलं नाही अशी. आकांक्षाच्या तोंडून शब्द निघून गेले.

"काकू, हे गुणी न्हाई. यानं हाक मारणं सोडून दिलंय. हाक मारून कुणी येत न्हाई, हे त्याला कळलंय." केतकीनं मान वर केली तशी आकांक्षा तिच्याकडं वळली. "यात हिचा दोष न्हाई. हिला बी तकलीफ होऊन राहिली आहे, आणि या घरात हिच्याकडं कुणी बघून राहिलं न्हाई."

मग काय व्हायचं ते झालं. घरात घेतलं तेच चुकलं, असं अनुसूयाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी निरोप धाडला की नजर लावणाऱ्या बाईनं पुन्हा दारात यायचं नाही. मात्र त्याच बायांसमोर, लेकरू चांगलं आहे, माझं चुकलं, एवढं म्हणाली तर उरलेले तास पुरे करू द्यायला त्यांची हरकत नव्हती.

आकांक्षानं मॅडमना फोन करून काही न लपवता सांगितलं. मॅडमचंही म्हणणं तेच पडलं. नियम मोडलाच आहे, आता पाचच तास उरलेत, बाळ ठीक आहे एवढं म्हणून टाका आणि पुरे करा, त्या म्हणाल्या. त्या रात्री आकांक्षाला नीट झोप लागली नाही. माफी मागितली तर कागद मिळणार होता. पण आपलं म्हणणं लोकांनी ऐकावं म्हणून जो कागद हवा, तो मिळवायला खरं म्हणणंच गिळायचं, हे तिला काही केल्या पटेना. सकाळी जनकाबाईंनी चहा देताना विचारलं, काहून माफी मागायची? तू खोटं बोलली का? नाही, आकांक्षा म्हणाली. मग विषय संपला, म्हणून जनकाबाई चुलीकडं वळल्या.

आकांक्षा माफी मागायला गेली नाही. एक गुरुवार गेला. दुसरा आला, चार वाजले. आता सगळं रद्द, हे मनाशी धरून ती अंगणात लुगडी वाळत घालत होती, तेवढ्यात विहाराच्या कोपऱ्यावरून केतकी येताना दिसली. भर गल्लीतून, डोक्यावर पदर नाही, कडेवर शौनक. मागून दहा पावलांवर अनुसूयाबाई हाका मारत येत होत्या आणि केतकी वळूनही बघत नव्हती.

"ताई, तुमी बोलल्या ते मला आधीच कळून राहिलं होतं," ती अंगणात येऊन म्हणाली. "त्याच्याकडं बघितलं की छातीत दगड बसायचा, म्हणून मी बघतच न्हवते. मला दवाखान्यात न्या."

अनुसूयाबाई अंगणाच्या कडेला येऊन थबकल्या. इतक्या वर्षांत त्या या गल्लीत पहिल्यांदाच आल्या असाव्यात. जनकाबाईंनी त्यांच्यासाठी बाज टाकली, घरातच, आणि त्या काही वेळ उभ्या राहून शेवटी बसल्या. आकांक्षानं मधला मार्ग काढला नाही की गोड बोलली नाही. उद्या सकाळच्या जीपनं हिंगोलीला जायचं, तिथं सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई बसतात, एवढंच तिनं सांगितलं. सकाळी जीपमध्ये केतकीच्या शेजारी अनुसूयाबाईही बसल्या होत्या. लेकरू या दोघींच्या हवाली करायचं नाही म्हणून आले, असं त्यांनी न विचारताच जाहीर केलं.

बाळंतपणानंतरचा मनाचा आजार आहे, बरा होतो, असं डॉक्टरीणबाईंनी केतकीला समजावलं आणि औषध दिलं. दर आठवड्याला बोलायला बोलावलं, तेव्हाही अनुसूयाबाई सोबत जायच्या. फरक दिसायला दोन महिने लागले. एक दिवस बाजारात अनुसूयाबाईंनी आकांक्षाला रस्त्याच्या पलीकडून गाठलं आणि तक्रारीच्या सुरात सांगितलं की पोरगं आता आई नजरेआड झाली की सगळी आळी डोक्यावर घेतंय, दुपारची झोप म्हणून न्हाई. आकांक्षाला इतका आनंद झाला की घ्यायला आलेली कोथिंबीर ती तिथंच विसरली.

त्याच आठवड्यात पुण्याहून मॅडमचा फोन आला. संस्थेच्या कमिटीचा निकाल लागला होता. निरीक्षकानं मध्ये बोलून नियम मोडला, नंतर खाडाही झाला, तेव्हा एकोणीसचे एकोणीस तास बाद. पाहिजे तर दुसरं बाळ घेऊन पुन्हा पहिल्यापासून चोवीस. मॅडमचा आवाज पडलेला होता. लेकरू कसं आहे, त्यांनी विचारलं. रडतंय, आकांक्षा म्हणाली, आणि मॅडमना काय ते कळलं.

"चोवीस पुन्हा करते," आकांक्षा म्हणाली. "पण आधीच सांगते. नव्या लेकरानं हाक मारणं सोडलं, तर मी पुन्हा बोलणार. आणि या खेपेला पाच आठवडे थांबणार न्हाई, त्याच दिवशी बोलणार. चालत असंल तर नाव घाला, नसंल तर आत्ताच न्हाई म्हणा."

मॅडम म्हणाल्या, नाव घालते, आणि तुमचं हे म्हणणं पुढच्या बैठकीत कमिटीला वाचून दाखवते.

"तुमी काहून वाचता," आकांक्षा म्हणाली. "मी येते आणि बोलते. तारीख कळवा."