मला ऐकू न आलेले बावीस जण

“काका, एक व्हिडिओ कापून जोडून द्यायचे तुम्ही किती घेता?”

मित्रांनो, एका मुलीने स्टुडिओच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून हा प्रश्न विचारला, तेव्हा काचेच्या दाराबाहेर तिच्या तीन मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. तू विचारूच शकणार नाहीस, अशी त्यांची पैज होती. स्टुडिओवाल्या काकांनी मला कानांवरून ओढून गळ्यात घेतलं, म्हणून मला ती नीट दिसली. पाठीला दप्तर, एका वेणीची रिबीन सुटलेली, आणि चेहरा असा की पैज नसती तरी हिने विचारलंच असतं.

मी एक जुना हेडफोन आहे. माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका टोकाकडून वायर आली, दुसऱ्या टोकाकडून स्पंज आला, आणि मधे बसलेल्या बाईंनी मला स्वतःच्या कानांना लावून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत, म्हणून ती अजून लक्षात आहे.

स्टुडिओत मी अकरा वर्षं काढली. लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, सगळं माझ्या कानांखालून गेलं. मी इतकी भाषणं ऐकली की ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणणारा माणूस किती वेळ बोलणार, हे मला त्याच्या पहिल्या श्वासावरून कळायचं. माझा स्पंज फाटला, त्यावर चिकटपट्टी आली. डावा कान खरखरू लागला. मित्रांनो, ऐकण्याचंही ओझं होतं. मी थकलो होतो, आणि त्याच सकाळी काकांच्या बिनवायरच्या नव्या हेडफोनचं खोकं आलं तेव्हा खरं सांगतो, मला वाईट कमी वाटलं आणि सुटल्यासारखं जास्त वाटलं.

पण कुठलं सुटणं नि कुठलं काय. त्या मुलीला स्वतःच हे काम सुरू करायचं होतं, म्हणून ती भाव विचारत होती, हे कळल्यावर काका हसले. त्यांनी भाव सांगितला. मग म्हणाले की हल्ली निम्मं काम एआय करतं, ते शिकायला त्यांना आता धीर नाही, आणि मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ घेऊन येणाऱ्यांना ते परत पाठवतात. तिला जमत असेल तर तिच्याकडे पाठवतील. मग त्यांनी मला गळ्यातून काढून तिच्या हातात ठेवलं. माझी निवृत्ती साधारण दीड मिनिट टिकली.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. ती एका जागी बसत नसे, जेवतानासुद्धा. घरी एकच कॉम्प्युटर होता, आणि तो आईचा. आई एका औषधांच्या ठोक व्यापाऱ्याची बिलं घरी बसून टाइप करत. भिंगरीची शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी दोन ते सहा कॉम्प्युटर तिचा, असं ठरलं. तिचं वय कमी म्हणून अशी कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवरचं खातं आईच्या नावाने उघडलं. बाबा छापखान्यात मशीनवर होते. फ्रीलान्सर म्हणजे काय, हे तिने त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे पगार नाही, सुट्टी नाही आणि साहेब मात्र वीस.”

पहिले सतरा दिवस एकही साहेब आला नाही. मग काकांनी पाठवलेला मोबाइल दुरुस्तीवाला आला. त्याचा पहिला व्हिडिओ भिंगरीने नमुना म्हणून फुकट केला. तो खूश झाला आणि त्याने भरतकाम शिकवणाऱ्या ताईंना सांगितलं. त्यांनी वजन कमी करायला शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. हे सर प्रत्येक व्हिडिओनंतर भिंगरीला ‘फक्त एक छोटासा बदल’ सांगत, आणि असे छोटे बदल सात होत. त्यांचं ‘नमस्कार मंडळी’ मी दुपारभर ऐकायचो. माझ्या खरखरत्या कानातही ते तितकंच उत्साही असायचं.

खरं काम कसं चालायचं सांगतो. क्लिपा एआयला दिल्या की ते बोललेलं लिहून घेई, अडखळणं कापी, खाली अक्षरं टाकी. त्यात ‘शांत भाग काढा’ असं एक बटण होतं. ते भिंगरीचं सर्वांत लाडकं. ते दाबलं की माणसाच्या बोलण्यामधल्या सगळ्या रिकाम्या जागा नाहीशा होत, आणि वीस मिनिटांचं बोलणं अकरा मिनिटांत बसे. मग ती मला कानांवर चढवून सगळं तपासायची. निदान सुरुवातीला तरी तपासायची.

एकदा त्या वजनवाल्या सरांनी फोनवर विचारलं, “सगळं तर एआय करतं. मग तू पैसे कसले घेतेस गं?”

भिंगरी गडबडली. तोंडाला येईल ते बोलून गेली. “वेगाचे, सर. मी एका दिवसात देते.”

त्या दिवसापासून तिच्या पानावर ‘एका दिवसात’ असं ठळक अक्षरांत लागलं. कामं वाढली. दोन ते सहात कधी तीन, कधी चार. मी मात्र आता कानांवर कमी आणि टेबलावर जास्त असायचो. तपासायला वेळ कुठे होता? बाबा छापखान्यात ज्याला त्याला सांगत सुटले की आमची मुलगी एका दिवसात करून देते. ते ऐकून मालकांनीच मोठं काम देऊ केलं. महिनाभर रोज एक व्हिडिओ, सोमवारपासून सुरू. तेवढ्या पैशांत भिंगरीचा स्वतःचा, जुना का होईना, कॉम्प्युटर येणार होता. सगळ्यांत जास्त आनंद आईंना झाला. त्यांनी तो ठेवायची जागाही पुसून ठेवली.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, बावीस क्लिपा आल्या. पाठवणारे एक शिंपी होते. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या शाळेतल्या बाई निवृत्त होत आहेत, रविवारी सकाळी दहाला निरोप समारंभ आहे, आणि हे जुन्या विद्यार्थ्यांचे निरोप आहेत. जोडून द्यावेत, जास्तीचं कापावं, खाली अक्षरं टाकावीत.

भिंगरीचं तेव्हा चौथं काम चालू होतं. तिने बावीसही क्लिपा न उघडता एआयकडे ढकलल्या. लाडकं बटण दाबलं. मागे संगीत लावलं. मला एका कानाला धरून पहिली दहा सेकंदं ऐकली, संगीत छान वाजत होतं. व्हिडिओ जेमतेम पावणेदोन मिनिटांचा झाला होता. “वा, आटोपशीर झाला,” ती म्हणाली आणि पाठवून दिला. मित्रांनो, माझं काम फक्त ऐकण्याचं. उरलेलं ऐकलं असतं, तर काहीतरी बिघडलंय हे निदान मला तरी कळलं असतं.

शुक्रवारी तीन वाजता दारावरची बेल वाजली. दारात मापाची टेप गळ्यात घातलेले एक गृहस्थ होते. पत्ता त्यांना स्टुडिओवाल्या काकांनी दिला होता. आईंनी कोण पाहिजे विचारलं. त्यांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. आईंनी तोच प्रश्न दुप्पट मोठ्याने विचारला. ते हसले, पुन्हा मान हलवली आणि मोबाइलवर काहीतरी लिहून भिंगरीसमोर धरलं.

“यात आम्ही कुठे आहोत?”

मग त्यांनी तो व्हिडिओ लावला. भिंगरीने तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एक खुर्ची सरकली. कोणीतरी खोकलं. दार आपटलं. एक हात छातीपर्यंत आला, आणि लगेच दुसराच माणूस. पुन्हा खोकला. मित्रांनो, ती बहिऱ्या मुलांची शाळा होती. बावीस जण हातांनी बोलले होते, आणि एआयला ती सगळी शांतताच वाटली होती. त्याने ती इमानेइतबारे काढून टाकली, आणि खोकले, खुर्च्या, दारं तेवढी जपून ठेवली. खुर्ची सरकली तिथे खाली एआयने मनानेच अक्षरं टाकली होती, ‘धन्यवाद’. दार आपटलं तिथेही ‘धन्यवाद’. शेवटच्या खोकल्यावर ‘पाहत राहा’.

आई ओशाळून दोन पावलं मागे सरकल्या. शिंप्यांनी आपण बहिरे आहोत असं लिहिलं नव्हतं, कारण कुठलीही एक क्लिप उघडली असती तरी कळलं असतं.

भिंगरीचे कान लाल झाले. एआयने केलं, असं ती म्हणेल असं मला वाटलं. हात तसे कीबोर्डकडे गेलेही. पण तिने लिहिलं, “माझी चूक. मी पाहिलंच नाही.”

शिंप्यांनी ते वाचलं. मग खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले.

मूळ क्लिपा होत्या, ते एक बरं होतं. आईंनी व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं की शनिवारची बिलं सोमवारी मिळतील. भिंगरीने सगळं पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि दोन मिनिटांत अडकली. वाक्य कुठे संपतं हेच तिला कळेना. हात खाली आला की ती कापायची, आणि शिंपी टेबलावर टिचकी मारून नाही म्हणायचे. हात थांबला होता, पण भुवया अजून बोलत होत्या. तिने चेहरे मोठे दिसावेत म्हणून चित्र जवळ घेतलं, तर हात चौकटीबाहेर गेले. शिंप्यांनी हवेत कापड ताणल्यासारखं करून दाखवलं. रुंद ठेव.

कापड कापताना शिंपी शिलाईसाठी कडेला थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. त्यांनी लिहिलं, “दोन्ही बाजूंना माया ठेव. फार कंजूष कापतेस.” त्या दुपारी भिंगरी पहिल्यांदाच हसली.

मी मात्र खिडकीजवळच्या खिळ्यावर लटकलो होतो. घरात माझ्यासमोर इतकं बोलणं चाललं होतं आणि मला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. इतक्या वर्षांत माझी गरजच नसलेलं हे पहिलं काम. थोडा हेवा वाटला, नाही म्हणत नाही. पण शिंपी प्रत्येकाचं बोलणं लिहून देत, भिंगरी ते खाली टाकता टाकता आईंना वाचून दाखवे, म्हणून मलाही कळलं. एक बेकरीवाला म्हणत होता, “बाई, पहिली दोन वर्षं तुमच्या खुणा इतक्या वाईट होत्या की आम्हीच तुम्हाला शिकवलं.” एक बस धुणारा म्हणत होता, “खोटं बोललो की तुम्ही माझे हात धरून ठेवायचात. अजून बायकोशी खोटं बोलायचं असलं की मी आधी हात खिशात घालतो.” आई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. शिंपी त्यांच्याकडे बघून समाधानाने मान डोलवत होते. कुठल्या जागी हसू येणार, हे त्यांना आधीच ठाऊक असावं.

शनिवारी सहाला पाच मिनिटं कमी असताना काम झालं. व्हिडिओ चौदा मिनिटांचा झाला. भिंगरीने तो व्हिडिओ पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तीनदा पाहिला, एकदाही उठली नाही. मग घेतलेले पैसे परत देऊ लागली. शिंप्यांनी हात मागे घेतला आणि लिहिलं, “माप चुकलं तर दुरुस्तीचे मीही घेत नाही. शिलाईचे मात्र घेतो.”

रविवारी ती समारंभाला गेली. मी घरीच होतो, पण परत आल्यावर तिने आईबाबांना सांगितलं ते ऐकलं. व्हिडिओ संपल्यावर सभागृहात सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांच्या टाळ्या तशाच असतात. हिला माहीत नव्हतं. हिने जोरात टाळ्या वाजवल्या, आणि अख्ख्या सभागृहात तेवढाच आवाज झाला. बाईंना मात्र ऐकू येत होतं; त्यांनी वळून पाहिलं, त्या हसल्या, आणि हात हवेत कसे हलवायचे ते तिथूनच दाखवलं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. उजवा कानही जायला लागलाय. पण थकल्या जिवाची एक विनंती ऐका. यंत्राला जे ऐकू येत नाही, तिथे काहीच नसतं असं समजू नका. मी यंत्र आहे, म्हणून सांगतो. आम्ही आमच्या परीने राबतो, पण आमच्यावर टाकून निघून जाऊ नका. शेजारी बसा. शेवटपर्यंत बघा. आणि वायर गुंडाळताना ती करकचून आवळू नका, तेवढंही करा.

त्या संध्याकाळी बाबा उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत होते. म्हणाले, “चल, उद्यापासून मालकांचं काम सुरू. रोज एक. महिन्याने तुझा कॉम्प्युटर.”

भिंगरी उभी होती. कधी नव्हे ती एका जागी.

“बाबा, मी मालकांना आत्ताच कळवलंय. रोज एक नाही, आठवड्याला दोन. त्यांना नको असेल तर नको. पानावरचं ‘एका दिवसात’ मी काढलं, आता तिथे ‘तीन दिवस लागतील, पूर्ण पाहून देईन’ असं आहे. पैसे कमी येतील. कॉम्प्युटर या वर्षी येणार नाही, आई, तुझाच दोन ते सहा पुरेल.”

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी आईंकडे.

“अगं, पण आधी विचारायचंस तरी,” बाबा म्हणाले.

“विचारत नाहीये, बाबा,” भिंगरी म्हणाली. “सांगतेय.”