सगळं म्हणजे बठ्ठं

कहकशाच्या कामाचा नियम एका ओळीत मावतो. खोलीत जे बोललं जाईल, ते सगळं हातांतून गेलं पाहिजे. आपलं एक अक्षर घालायचं नाही आणि दुसऱ्याचं एक गाळायचं नाही. पोस्टमनने पत्र आवडलं नाही म्हणून खिशात ठेवलं तर चालेल का? तसंच हे.

ती प्रेमराजची दुभाषी. प्रेमराज सावद्याचा, केळीवाल्यांच्या घरातला. लहानपणी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. पुढे तो शिकला, आणि आता विकासाची कामं करणाऱ्या संस्थांना सल्ला देतो. अपंग माणसांना कामात घ्या, असं सगळेच म्हणतात. घ्या म्हणजे नेमकं काय करा, हे प्रेमराज सांगतो. तो खुणांनी बोलतो, कहकशा ते तोंडाने बोलते. तो ‘मी’ म्हणाला की तीही ‘मी’च म्हणते. त्यामुळे नवी माणसं गोंधळतात, एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा तिच्याकडे.

त्या दिवशी दोघं जळगावहून धुळ्याला, देवपूरच्या एका संस्थेत गेली होती. संस्था खेड्यापाड्यांतल्या बायकांचे शेळीपालनाचे गट चालवायची. तिच्या दात्यांनी निरोप धाडला होता, सल्लागार बोलवा, त्याचं म्हणणं आम्हाला कळू दे, मग पुढच्या पैशांचं बघू. म्हणून हे बोलावणं. पण प्रेमराज काही नुसता सल्ला द्यायला आला नव्हता. तो कोकिळाच्या शेळ्या मागायला आला होता.

कोकिळा पांझरेकाठच्या गावातली, जन्मापासून बहिरी, मुकी. आईबापांनी नाव कोकिळा ठेवलं आणि गावाला थट्टेला विषय मिळाला. तिला ती थट्टा कधी ऐकूच आली नाही, त्यामुळे गावाची मेहनत फुकट गेली. गटातून तिला दोन शेळ्या मिळाल्या होत्या. मग एक दिवस परत नेल्या. कारण काय, तर बाई बैठकीत काही बोलत नाही! प्रेमराज तिला भेटला तेव्हा ती डोक्यावर दोन बोटं शिंगांसारखी धरायची आणि मग रिकामे हात दाखवायची. पुन्हा शिंगं, पुन्हा रिकामे हात. त्या शेळ्या होत्या तोवर घरात तिला मान होता. त्या गेल्या आणि ती जावेच्या हाताकडे बघून जगू लागली. प्रेमराजने तिला शब्द दिला होता, आणि शब्द हातांनी दिला म्हणून काही कमी पक्का होत नाही.

संस्थेचे प्रमुख म्हणजे आबा. पांढरेशुभ्र कपडे, खिशाला दोन पेनं. शेजारी त्यांचा कार्यकर्ता सुपडू, आबांनी मान हलवायच्या आधी मान हलवणारा.

कहकशाने बसल्या बसल्या नियम सांगून टाकला. “इथे जे बोललं जाईल ते सगळं मी भाऊंना सांगेन. चालेल ना आबा?”

“सगळं सांगा ताई, सगळं!” आबांनी टेबलावर थाप मारली. “आमच्याकडे लपवाछपवी नाही. दिव्यांग बांधव म्हणजे आमचं दैवत!”

एवढं बोलून ते सुपडूकडे वळले. बहिऱ्याने ओठ वाचू नयेत म्हणून तोंडावर तळहात धरला आणि अहिराणीत पुटपुटले, “सुपडू, याले च्या पाज, फोटू काढ आनि वाटे लाव. बहिरा मानूस आपले काय सल्ला दी?”

“आबा, हळू. ती पोर ऐकी राह्यनी.”

“ऐकू दे. नशिराबादनी मुसलमाननी पोर शे ती. तिले आपली बोली कथाईन समजी?”

आता आबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! कहकशाचे अब्बा खाजा आणि अम्मी मदिना, दोघंही बहिरे. घरात खुणांचीच भाषा. मग पोर बोलायला शिकली कुणाकडे? तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वच्छलाबाईंकडे. वच्छलाबाई साक्रीकडच्या, उभ्या जन्मात अहिराणीशिवाय दुसरं बोलल्या नाहीत. कहकशाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो अहिराणीतच. ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ म्हणायला ती तिथेच शिकली. उर्दू, मराठी ही सगळी मागाहून आलेली पाहुणी.

कहकशाला वाईट वाटलं. लहानपणी दुकानदार असंच बोलायचे, अब्बांच्या देखत, अब्बांबद्दल. तिचे हात क्षणभर मांडीवर थांबले. मग नियम तो नियम. चहा, फोटो, वाट, बहिरा, मुसलमानाची पोर, सगळं जसंच्या तसं प्रेमराजपर्यंत पोचलं.

प्रेमराज म्हणजे खाली मुंडी पाताळ धुंडी. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्याने खुणा केल्या आणि कहकशा बोलली, “चहा घेऊ आबा. फोटोही काढू, पण निघताना. वाटेला लागायची मला घाई नाही.”

आबांनी डोळे बारीक केले. योगायोग, त्यांनी स्वतःला समजावलं. मग घसा साफ करून ते म्हणाले, “दिव्यांगांसाठी आम्ही स्वतंत्र कक्ष उघडलाय. बघालच तुम्ही.” आणि पुन्हा तोंडावर हात. “सुपडू, कक्षमाईन कांदास्ना गोण्या काढ्यात का रे?”

“नही आबा.”

कहकशाचे हात हलले. प्रेमराजने मान डोलावली.

“कक्ष जरूर बघू,” ती बोलली. “कांद्याच्या वासाचा मला काही त्रास नाही.”

सुपडूने चहाचा कप दोन्ही हातांनी प्रेमराजपुढे ठेवला. आबांच्या कपाळावर घाम आला. वर पंखा फिरत होता, पण चोराच्या मनात चांदणं असलं की पंखा काय करणार?

“सुपडू,” ते जवळजवळ रडवेले होऊन पुटपुटले, “याले काही सिद्धी-बिद्धी शे का रे?”

सिद्धीला कहकशापाशी तयार खूण नव्हती. तिने हनुवटीखाली हवेत लांब दाढी रेखली, डोळे मिटले आणि डोक्याभोवती बोटांनी प्रकाश पाडला. प्रेमराजने नेमका चहाचा घोट घेतला होता. त्याला एवढा ठसका लागला की सुपडू पाठ चोळायला धावला आणि ऐनवेळी, सिद्धपुरुषाला हात लावावा की नाही, या विचाराने मागे सरला.

ठसका थांबल्यावर प्रेमराजने कप खाली ठेवला. डोक्यावर दोन बोटं धरली.

“कोकिळाच्या शेळ्या का काढून घेतल्या?” कहकशाने विचारलं.

“काढून नाही हो! त्या ताईंनी स्वतःहून परत केल्या. सांभाळायला जमेना त्यांना.” आबांचा हात तोंडावर गेला. “सुपडू, त्या बकऱ्या मन्हा शालकना गोठामा बांधेल शेतस, हाई याले समजाले नको.”

कहकशाच्या अंगाची लाही लाही झाली. आबांचा तो हात ओढून खाली करावा, वच्छलाबाईंनी शिकवलेल्या दोन शेलक्या शिव्या हासडाव्यात, असं तिला वाटलं. पण ती दुभाषी होती. ओरडायचं होतं ते तिने बोटांत आणलं. शालक. गोठा. शिंगं. याला समजायला नको.

प्रेमराजच्या डोळ्यांतली गंमत विझली. त्याने सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं आणि कहकशाने तितक्याच सावकाश म्हटलं, “आबा, शेळ्या तुमच्या शालकांच्या गोठ्यात आहेत. आत्ता जाऊन सोडून आणू. तुम्हाला हवा तो फोटो कोकिळाच्या अंगणात काढू. तुमच्या दात्यांना काय सांगायचं, ते मी तिथे उभा राहून ठरवेन.”

आबांनी वाद घातला नाही. मनातलं वाचणाऱ्याशी कोण वाद घालणार?

दुपारी संस्थेच्या गाडीतून शेळ्या कोकिळाच्या दारात उतरल्या. बरोबर एक पिल्लूही उतरलं. ते शालकाच्या गोठ्यात जन्मलं होतं, म्हणून शालक त्यावर हक्क सांगत होता; पिल्लू मात्र आईमागे निघालं, आणि शालकाकडे आबांनी असं बघितलं की तो बाजूला झाला. कोकिळा धावत आली. तिने शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कानाखाली खाजवलं, पिल्लू उचलून छातीशी धरलं. तिची जाऊ दारात उभी राहून बघत होती. कोकिळा रडली आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

मग तिचं लक्ष आबांकडे गेलं. तिने प्रेमराजकडे वळून आपल्या तोंडावर तळहात धरला, गटाच्या बैठकीत तिच्यासमोर आबा नेहमी धरत तसा. प्रेमराज खो खो हसत सुटला.

“काय म्हणाल्या ताई?” आबांनी विचारलं.

“तुमचं नाव घेतलं,” प्रेमराजच्या खुणा बघत कहकशा म्हणाली. “खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक नाव मिळतं. हे तुमचं.”

“तोंडावर हात?” आबा विचारात पडले. मग चेहरा खुलला. “मितभाषी! अगदी बरोबर ओळखलं हो!”

नियमाप्रमाणे कहकशाने आपलं एक अक्षर त्यात घातलं नाही.

फोटो काढून झाला. सगळे गाडीकडे निघाले तेव्हा आबा तिच्याजवळ आले, इकडेतिकडे बघून तोंडावर हात धरला आणि हळूच म्हणाले, “ताई, खरं सांगा. भाऊंना मनातलं कळतं का हो?”

कहकशाने प्रेमराजला खुणेने विचारलं, आता मी माझं बोलू का? त्याने दोन्ही हात पसरून वाट मोकळी करून दिली. सकाळपासून ती कितीदा तरी ‘मी’ म्हणाली होती. आताचा ‘मी’ तिचा स्वतःचा होता.

“नही आबा, मनमातलं त्यासले नही समजस,” ती म्हणाली. “पन मी आठेच तुमना बाजूले बठेल व्हतू ना. आनि सकाय तुम्हीच सांगं व्हतं, सगळं सांगा.”

आबांचा हात तोंडावरून आपसूक खाली आला.

“सगळं म्हनजे बठ्ठं, आबा.”