जावेच्या मशीनमधला ड्रायव्हर

आमच्या दुकानात सरळ पायाचं गिऱ्हाईक येत नाही. ज्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, ज्याची बोटं शुगरने नेली, ज्याची टाच जन्मापासून वळलेली, तो आमच्याकडे येतो. बाकीच्यांना बाजार मोकळा आहे. पूर्वी प्रत्येक पायाचा लाकडी साचा करून आम्ही फळीवर ठेवत असू. आता गिऱ्हाइकाने काचेवर पाय ठेवायचा, कंप्युटर आकार घेतो आणि शेजारचं मशीन साचा कापून देतं. बूट झाला की साचा मोडीत, आकार डिस्कवर. फळ्या गेल्या, जागा झाली, आणि सगळ्यांचे वाकडे पाय एका डबड्यात जाऊन बसले.

त्या डिस्कचे दोन भाग होते. पायांचा भाग गच्च भरलेला, दुसरा रिकामा पडलेला. माझ्या थोरल्या मुलाने एक प्रोग्राम आणला आणि मधली भिंत सरकवायला घेतली. भिंत अर्ध्यात असताना वीज गेली. वीज परत आली, कंप्युटरचं मशीन काही आलं नाही. काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ, डोळा मारल्यासारखी लुकलुकणारी.

"आई, पाय कुठे गेलेले नाहीत," थोरला म्हणाला. "आतच आहेत. फक्त कुठली खोली कुठे संपते तो नकाशा फाटलाय."

"मग चिकटव."

"चिकटवायला आत जायला लागतं, आणि दार उघडत नाही. पेनड्राइव्हवर सगळं भरायचं, मशीन त्याच्यावरून चालू करायचं आणि मग डिस्क दुरुस्त करायची."

त्याने लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बनवला आणि ऐटीत लावला. मशीनने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सूनबाईने कसलासा निळा पडदा उघडून क्रम बदलला, आधी पेनड्राइव्ह बघ, मग डिस्क. तरी नाही. मग कळलं की पेनड्राइव्ह नव्या धाटणीच्या मशीनसाठी बनवलेला, आणि आमचं मशीन जुनं. तो पुसून पुन्हा बनवला. या वेळी प्रोग्राम उघडला. जिथे डिस्क दिसायची तिथे काहीच नव्हतं. पाटी कोरी.

थोरल्याचं तोंड उतरलं. "डिस्क मेली बहुतेक."

कंप्युटरवाल्याला बोलावलं. तो आला, खुर्चीत न बसताच म्हणाला, "नवी डिस्क टाकतो आजी, सगळं फ्रेश होईल."

"आणि पाय?"

"पाय पुन्हा घ्या की. माणसं तर आहेत ना?"

"काचेवर पाय दिसतो रे बाबा, दुखणं दिसत नाही," मी म्हटलं. "शाळेतल्या त्या निवृत्त बाई आहेत, परगावी मुलीकडे असतात. त्यांचे बूट मी पोस्टाने धाडते. कुठे चिमटा बसतो, कुठे घासतं, हे त्यांनी कळवायचं आणि आम्ही आकार दुरुस्त करायचा, असं वर्षानुवर्षं चाललंय. ते सगळं त्या आकारात आहे. ते तू कुठून फ्रेश करणार?"

तो पिशवी उचलून गेला. माझ्या तोंडाला लागणं त्याला परवडणारं नव्हतं.

सूनबाई एवढा वेळ मशीनच्या डब्यावर हात ठेवून उभी होती. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "फिरतेय," ती म्हणाली. "हाताला लागतंय. डिस्क मेली नाही, पेनड्राइव्हला ती दिसत नाहीये."

मग दोघांनी डबा उघडला. डिस्कची तार सरळ मशीनला जात नव्हती. मध्ये एक वेगळं कार्ड होतं, तिथून जात होती. त्या कार्डाशी बोलायला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लागतो म्हणे, आणि पेनड्राइव्ह बनवला लॅपटॉपवर, त्याला या कार्डाची ओळखदेख नाही. सोबत आलेली सीडी कधीच हरवली होती. कार्ड बनवणारी कंपनी बंद पडलेली. नेटवरून थोरल्याने दोन-तीन ड्रायव्हर उतरवून घातले, पाटी कोरीच राहिली.

मग दोघं एकमेकांकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"काय ते बोला," मी म्हटलं.

"अगदी असंच मशीन आणखी एक आहे," सूनबाई म्हणाली. "त्याच्यात तो ड्रायव्हर असणार."

कुठे आहे ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझे मालक आणि धाकटे दीर, दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून जोडीने घेतलेली मशीनं ती. दोघे भाऊ वारले, आम्ही दोघी जावा वेगळ्या झालो. अवघड पाय मी ठेवले, तिने सरळ पायांचं दुकान दोन गल्ल्या सोडून थाटलं. गिऱ्हाइकासमोर ती माझ्या बुटांना डबे म्हणाली होती. मी म्हटलं होतं, तुझे महिन्याभरात जबडा उघडतात. त्यानंतर बोलणं नाही.

"मी जातो काकूंकडे," थोरला म्हणाला.

"तू गेलास की ती विचारेल, आईची जीभ झडली का. मीच जाते."

जाऊ गल्ल्यावर बसली होती. मागे काचेच्या कपाटात चकचकीत बूट, दिवे लावून ठेवलेले.

"या ताई. वाट चुकलात?"

"वाट पाठ होती. यायला कारण नव्हतं."

"आता आहे वाटतं."

"मशीन बसलंय. आत सगळे पाय अडकलेत. तुझ्या मशीनमधला एक ड्रायव्हर लागतोय. घेतल्याने तुझं काही कमी होत नाही, असं थोरला सांगतो."

"आणि माझं मशीन बसलं तर?"

"मग दोघी मिळून रडू."

तिने ओठ आवळले. हसू आलं की ती तसंच करते, नवी नवरी होती तेव्हापासून. "आधी माझे बूट चांगले आहेत म्हणा."

कपाटातला एक बूट मी काढला. उलटा केला, टाच दाबली, शिवणीवरून नख फिरवलं. "शिवण चांगली आहे. टाच अजून हलकीच घालतेस."

"एवढंच?"

"खरं एवढंच आहे."

तिने बूट माझ्या हातून घेऊन कपाटात ठेवला. मग आत हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि मला म्हणाली, "बोलवा त्याला. पण मी समोर बसणार."

थोरला लॅपटॉप घेऊन धावतच आला. त्याने तिच्या मशीनमधून ड्रायव्हर काढून घेतला आणि पेनड्राइव्ह तिसऱ्यांदा बनवायला बसला. ती त्याच्या बोटांवर नजर ठेवून.

"काही पुसू नकोस रे."

"नुसतं वाचतोय, काकू."

"तुझी आईही नुसतं बघते म्हणायची आणि घर डोक्यावर घ्यायची."

मी चहाच्या कपात बघत राहिले. काम तिच्याकडे होतं, म्हणून. पेनड्राइव्ह आधी तिच्याच मशीनवर लावून पाहिला. पाटीवर डिस्क आली. जावेने शटर अर्ध्यावर ओढलं आणि चप्पल पायात सरकवली. "चला, बघू तुमची डबडी."

आमच्या मशीनवर पाटीत डिस्क दिसली, पण सगळी करड्या रंगाची, कुणी राहतच नसल्यासारखी. थोरला म्हणाला, थांब, हरवलेले भाग शोधायला लावलंय. आम्ही दोघी जावा स्टुलांवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने दोन ओळी उमटल्या. रिकामा भाग आणि पायांचा भाग.

थोरला लगेच बटण दाबायला निघाला. सूनबाईने त्याचं मनगट धरलं. "आधी पाय बाहेर काढ. भिंती मग बांध. पुन्हा वीज गेली तर?"

शहाणी आहे. तिच्या तोंडावर मी तसं म्हणत नाही.

दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवल्यावर मी बाईंचा पाय उघडायला लावला. करंगळीखालचा खळगा होता तिथेच होता. जावेने मान पुढे केली.

"इथे एवढं खोल कशाला?"

"हाड टोचतं तिथे. तीन जोड वाया घालवले तेव्हा सापडलं."

"हं," ती म्हणाली. तिच्याकडून हं म्हणजे पुष्कळ झालं.

संध्याकाळपर्यंत भिंती बांधून झाल्या आणि मशीन पेनड्राइव्हशिवाय आपलं आपण उठलं. जावेने जाताना तळहात पुढे केला. "तो इकडे द्या. ड्रायव्हर माझ्या घरचा आहे, पेनड्राइव्ह माझ्याकडे राहील. लागला की येऊन मागायचा."

"काकू, मी तुम्हाला वेगळा..." थोरला सुरू झाला.

"तुला विचारलेलं नाही."

मी तो काढून तिच्या हातावर ठेवला. "ने. आणि टाच जड घालत जा."

"तुम्ही दिसायला बरे करत जा," म्हणून ती गेली.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत थोरल्याने लॅपटॉप उघडला होता. "आई, ड्रायव्हर आहे माझ्याकडे. आत्ता दुसरा बनवून देतो, आपला आपल्याकडे असू दे."

"कशाला? दोन-दोन ठेवून लोणचं घालायचंय? एक आहे ना दोन गल्ल्यांवर," मी म्हटलं. "तो लॅपटॉप मिट, आणि बाईंचा साचा कापायला लाव."