व्हर्डेलच्या दोन राण्या

व्हर्डेल गेन्सने शब्द दिला तो रागाच्या भरात, आणि तोही चर्चच्या पायऱ्यांवर, माझ्यादेखत. मग मागे घ्यायची सोयच उरली नाही.

झालं होतं एवढंच की गाडी मागे घेताना तिने शेजाऱ्याची टपालपेटी आडवी केली. एकाहत्तराव्या वर्षी कुणाकडूनही होईल. पण तिच्या मुलाला, क्लिफ्टनला, निमित्त हवं होतं. त्याचा राग टपालपेटीसाठी नव्हताच, गार्डिनातल्या पत्त्यांच्या क्लबवर होता. वडील गेल्यापासून आई आठवड्यातले चार दिवस सकाळी टोपी घालून निघते आणि तिथे पोकर खेळत बसते, हे त्याला पाहवत नव्हतं. मुलगा वाईट नाही. दर रविवारी आईचा हात धरून तिला पायऱ्या चढवतो. पण हात धरायची सवय लागली की सोडायचं भान राहत नाही माणसाला.

तू तिथे हरतेस, ममा, मान्य कर, असं तो म्हणाला. कुणी सांगितलं, असं ती म्हणाली. शब्दाने शब्द वाढत गेला आणि शेवटी ती बोलून बसली, "उद्या एक वाजता क्लबात ये. घेऊन बसले त्यापेक्षा कमी घेऊन उठले, तर गाडीच्या किल्ल्या तुझ्या हातात."

घरी जाताना मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. एका सकाळच्या पत्त्यांवरून काहीच ठरत नाही, हे टेबलावर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला हीच समजावते. आणि स्वतः एका सकाळवर गाडी पणाला लावून मोकळी. गाडी गेली तर तिच्या घरापासून गार्डिना म्हणजे दोन बस, वर मधलं चालणं, आणि गुडघे असे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सगळं माहीत आहे, ओडेसा. पण आता बोलले ना."

चर्चमधल्या काही जणी आम्हा दोघींना पत्त्यांवरून नावं ठेवतात. ठेवू देत. मी सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करते आणि मग खेळायला जाते. देवापासून काही लपलेलं नाही, मग चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनच्या बायकोपासून कशाला लपवू?

सोमवारी दहा वाजता आम्ही बसलो. व्हर्डेल एका खुर्चीवर, तिच्या डाव्या हाताला मी, माझ्यापुढे रोजचे तिघे. समोर नाकाशिमा. या माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या बागा राखल्या, आणि आता चहाचा थर्मास मांडीशी ठेवून तो न बोलता खेळतो. व्हर्डेलच्या उजव्या हाताला रे पेल्की, निवृत्त ट्रकवाला. त्याचं तोंड ट्रकच्या इंजिनासारखं, बंद म्हणून होत नाही.

आमच्या टेबलावर पैज ठरलेली असते. हातात दोन पत्ते आले की तीन डॉलर, मधे तीन पत्ते उघडले की तीन. चौथा पत्ता उघडला की सहा, पाचव्यावर पुन्हा सहा. कुणी वाढवलंच तर तेवढ्यानेच वाढवायचं. समोर सगळा ढीग लोटून कुणाला घाबरवायची सोय नाही. म्हणून हातात सगळ्यात चांगली जोडी असली तरी ती सुखाने बसू देत नाही. सहा जण थोडे थोडे भरत मागे लागतात, आणि पुढचा पत्ता त्यांच्यातल्या कुणाचा तरी असतोच. त्यांना हाकलता येत नाही. फार तर त्यांना मागे येणं महाग करता येतं, आणि तेही योग्य वेळ साधली तर.

पाऊण वाजता क्लिफ्टन आला आणि कठड्यापाशी कोट हातावर घेऊन उभा राहिला. व्हर्डेल साठ डॉलर घेऊन बसली होती, पुढ्यात पासष्ट होते. मी टेबलाखालून तिच्या घोट्याला पाय लावला. ऊठ आता, जिंकलीस. पंधरा मिनिटं बाथरूममध्ये जाऊन बस, पण ऊठ.

तेवढ्यात पत्ते वाटले गेले. तिने कडा उचलून पाहिल्या आणि मला पुटपुटत सांगितलं, "पाय आवर तुझा. मी खेळायला आलेय, पळायला नाही."

तिने वाढवलं. आम्ही सहाच्या सहा जणांनी भरलं. सोमवार सकाळच्या टेबलावर पत्ते टाकून डाव सोडायला कुणी येत नाही.

मधे तीन पत्ते उघडले: बदाम दश्शी, किलवर सत्ती, बदाम चव्वी. पहिली बोलायची पाळी व्हर्डेलची. तिने दोन बोटांनी टेबल ठोकलं, म्हणजे पैसे न लावता थांबली. सगळे थांबले, आणि शेवटी बसलेल्या रेने तीन डॉलर लावले. व्हर्डेलने मुकाट्याने तीन भरले.

"काय हो बाईसाहेब," रे म्हणाला, "मघाशी वाढवताना जोर होता. मुलगा आला आणि हवा गेली का?"

कठड्यापाशी क्लिफ्टनने मान हलवली. त्यालाही तसंच वाटलं असणार. मलाही वाटलं. माझ्याकडे एक्का आणि सत्ती होती, म्हणजे मधली धरून सत्तीची जोडी. तीन डॉलरला मी खुशाल भरले. बाकीच्यांनीही भरले.

चौथा पत्ता उघडला, इस्पिक दुर्री. कुणाच्या कामाचा नाही. व्हर्डेलने पुन्हा टेबल ठोकलं. एकेक करत सगळे थांबले आणि बोलणं रेपर्यंत पोचलं. आता तोही थांबला असता, तर सगळ्यांना पाचवा पत्ता फुकट दिसला असता. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. टोपीची कड नीट करत होती.

रेने सहा लावले.

"बारा," व्हर्डेल म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला आमच्या पास्टरांची आठवण झाली. ते प्रवचन सुरू करतात ते पत्र वाचावं तसं, सपाट आवाजात. ऑर्गनवाला हात मांडीवर ठेवून बसलेला. नवखा माणूस म्हणतो, यात काय आहे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग एक शब्द ते थोडा ओढतात, ऑर्गन त्याला उत्तर देतो, आणि बोलणं कधी गाणं झालं हे कळायच्या आत सगळं चर्च उभं असतं. सुरुवातीलाच आवाज चढवला असता तर आम्ही हातातले पंखे हलवत बसलो असतो. चढायची जागा त्यांना ठाऊक असते. काल ते गात होते ते एवढंच, की दार उघडणं तुझ्या हातात नाही, पण दारात उभं राहणं आहे. व्हर्डेल डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं होतं, झोपली.

आता सहाचे बारा झाले होते, आणि ते माझ्यापासून पुढे प्रत्येकाला एकदम भरायचे होते. सहा असते तर मी भरलेच असते. एक्का आला असता किंवा आणखी एक सत्ती, तर माझ्या जिवलग मैत्रिणीला मीच बुडवलं असतं. मी पत्ते टाकले. माझ्यानंतरच्या तिघांनीही टाकले. नाकाशिमाने थर्मासचं झाकण घट्ट केलं, मधल्या ढिगाकडे पाहिलं, आणि बारा भरले. रेने कुरकुरत सहा आणखी टाकले.

सहातले दोन उरले. ठरलेल्या पैजेत याहून जास्त कुणाला जमत नाही.

पाचवा पत्ता उघडला. बदाम तिर्री.

व्हर्डेलने टेबल ठोकलं. नाकाशिमाने सहा लावले, रेने पत्ते फेकले. ती क्षणभर त्या तिर्रीकडे बघत बसली आणि मग सहा डॉलर पुढे सारले. नाकाशिमाने बदाम राजा आणि बदाम नव्वी उघडली. मधले तीन धरून पाच बदाम, कुठल्याही जोडीवर भारी. व्हर्डेलने आपल्या दोन राण्या सगळ्यांना दिसतील अशा उताण्या ठेवल्या.

"छान खेळलात," नाकाशिमा म्हणाला. दोन वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेले हे पहिले दोन शब्द.

"तुम्हीही," ती म्हणाली. "ढीग मोठा होता. भरणं बरोबरच होतं."

एक वाजला होता. ती अडतीस डॉलर घेऊन उठली.

गाड्यांच्या आवारात उन्हामुळे डोळे उघडवत नव्हते. क्लिफ्टनला बहुधा वाटलं होतं की ती रडेल किंवा घासाघीस करेल. तो हळू आवाजात म्हणाला, जाऊ दे, ममा, शेवटच्या डावात तू नशिबाने हरलीस, पण तोवर तरी घाबरतच खेळत होतीस. मी तोंड उघडणार तोच तिने हात वर केला. पर्स उघडली, कड्यातून गाडीची किल्ली सोडवली, घराची ठेवून घेतली, आणि गाडीची त्याच्या तळहातावर ठेवली.

"शब्द दिला होता, हा घे. पण क्लिफ्टन, मी तो डाव पुन्हा तसाच खेळेन. उद्याही तसाच, परवाही तसाच."

"उद्या?" तो म्हणाला. "किल्ली तर माझ्याकडे आहे."

"हो. दिवे बंद करायला विसरू नकोस. बॅटरी उतरते."

मंगळवारी मी दहाला पोचले. तिला घेऊन येते असं मी रात्रीच फोनवर म्हटलं होतं. तिने साफ नाही सांगितलं. माझ्या उजवीकडच्या, व्हर्डेलच्या खुर्चीवर रे पाय ठेवून बसला होता. तिथे कुणी बसू लागलं की गुरगुरायचा. पावणेअकराला ती आली. टोपी तीच, बुटांवर धूळ, हातात बसचं तिकीट. पहिली बस चुकली, दुसरीत जागा मिळाली नाही. बसल्यावर तिने दोन्ही हातांनी गुडघे चोळले. नाकाशिमाने थर्मासच्या झाकणात चहा ओतून टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

रे म्हणाला, संध्याकाळी मी घरी सोडतो.

"तू आधी पत्ते सोडायला शीक," व्हर्डेल म्हणाली.

मला कठड्यापाशी क्लिफ्टन दिसला. तो बसच्या मागोमाग आला असावा, किल्ली अजून मुठीत होती. व्हर्डेलनेही त्याला पाहिलं. चहाचा घोट घेतला, आलेल्या दोन पत्त्यांच्या कडा उचलून पाहिल्या.

"वाढवते," ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.