पायाभरणीत पुरलेला डेरा

मी बियाण्याचा डेरा बोलतोय. माझी हकीकत कोणत्या कथेच्या घराण्यातली आहे, हे आधी सांगणे भाग आहे. कारण माझ्यावर जे गुदरले ते नवे नाही. तळ्याला पाणी लागत नाही, तेव्हा थोर माणसे घरची सून तळात उतरवतात आणि तिच्यावरून पाणी चढते, ही कथा आमच्या मुलखात पुष्कळांना ठाऊक आहे. चुलीशेजारी बसून मी तिचे तीन पाठ ऐकले. एका पाठात सुनेला फसवून नेतात. दुसऱ्यात ती सारे जाणून, नटूनथटून उतरते. तिसऱ्यात ती तान्हे लेकरू काठावर ठेवून जाते. तपशील बदलतात, पण दोन गोष्टी बदलत नाहीत: बळी जाणारीला आधी कुंकू लावतात, आणि शेवटी पाणी येते.

माझ्या पाठात कुंकू लावले गेले. पाणी आले नाही. म्हणून हा चौथा पाठ मी रागाने सांगतो आहे.

निलंग्याच्या मल्लिकार्जुन कुंभाराने मला घडवले. पोट मोठे, गळा आखूड, तोंड एवढे लहान की बाईचा हात जाईल, उंदीर जाणार नाही. तुळजाबाईने मला मांडीवर घेऊन एसटीने लातूरला आणले. कंडक्टर म्हणाला, "मावशे, डेऱ्याचं तिकीट काढ." ती म्हणाली, "काढते की. पर मग त्याला खिडकीपाशी बसीव."

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, कचेऱ्यांना माणसे लागतात आणि माणसांना वसाहती. काळ्या रानात चुन्याच्या रेघा मारून अशीच एक वसाहत उठली. तुळजाबाईचा मुलगा किशनराव एका नव्या कचेरीत मोठा कारकून, शिवाय वसाहतीच्या मंडळाचा अध्यक्ष. मागच्या गल्लीत धुरपताबाई राहत असे. तिचे घराणे छप्पन साली बौद्ध झालेले. मुलगा जिल्हा परिषदेत नोकरीला. चाकूरकडे तिने आयुष्यभर दुसऱ्यांची राने निंदली होती, स्वतःचे वावर कधी पाहिले नव्हते.

वसाहतीच्या मधोमध मोकळी जागा होती. नकाशावर तिचे नाव बाग होते, प्रत्यक्षात तिथे बाभळी आणि विटांचे तुकडे. त्या वर्षी पाऊस गेला. टँकर चौथ्या दिवशी येई. बाजारात पालेभाजी यायची ती सुकलेली आणि महाग. तुळजाबाईची सून सिंधु पोटुशी होती. तिच्या अंगात रक्त नाही, हिरवा पाला खाऊ घाला, असे डॉक्टरने बजावले होते. "डॉक्टर म्हनतो खा, बाजार म्हनतो बघून जा," तुळजाबाई म्हणाली, आणि कुदळ घेऊन मोकळ्या जागेवर गेली. धुरपताबाई तिथे आधीच वाकलेली होती.

त्या शेताचा नियम साधा होता. घरातले अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी बादलीने आणून वाफ्यात ओतायचे. जितक्या बादल्या तितका भाजीचा वाटा. भांडी मात्र राखेने घासायची. पावडरीने घासणाऱ्या घराची बादली धुरपताबाई नुसत्या वासाने ओळखून परत पाठवी. "ह्या पान्यानं तुमच्या साहेबाचं डोस्कं धुवा," ती म्हणे. चुका, अंबाडी, शेपू, राजगिरा, कुंपणावर घेवडा आणि दोडका. चौदा घरे त्या तुकड्यावर जेवू लागली. सिंधुच्या नखांत रंग परतला.

माझे काम बी राखण्याचे. राखेत बी मिसळून मला भरायचे आणि तोंड शेणामातीने लिंपायचे. दर महिन्याला मी नव्या घरी जाई, त्या घरच्या चुलीची राख माझ्यात पडे. धुरपताबाईची पाळी आली तेव्हा शेजारची पार्वतीबाई कुजबुजली, "डेरा तिकडं कशाला? भाजी घेतो तेवढं बस झालं की."

"तिच्या बादलीवरची अंबाडी गोड लागती, आन राख कडू व्हय?" तुळजाबाईने विचारले.

धुरपताबाई हसली. "राखंला काय बघता, बाई? तुमच्या चुलीतून का सोनं निघतंय?"

मी तिच्या घरी गेलो. इतकी नीट लिंपलेली माझी मान मी दुसऱ्या घरी पाहिली नाही. पुढच्या पाळीला मी तुळजाबाईकडे आलो, तेव्हा माझ्या पोटात तिच्या आणि इतर चुलींची राख एकजीव होती आणि पुढच्या सगळ्या हंगामांचे बी होते. दुसरीकडे कुठेही ते नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

मग मंडळाने ठराव केला: मोकळ्या जागेवर सभामंडप. पायाभरणीला मोठे पाहुणे येणार होते. ठराव चौदा पुरुषांनी केला. चौदा घरांतल्या एकाही बाईला विचारले नाही. शामियान्यासाठी अंबाडीचे वाफे उपटले गेले. उपटणाऱ्यांनी जाताना कोवळी पाने घरी नेली, हेही मी नोंदवतो.

पायाभरणीच्या सकाळी तुळजाबाई टँकरच्या रांगेत होती. किशनराव घरात आला आणि त्याने मला उचलले.

"अहो, आत्याबाईंना येऊ द्या," सिंधु म्हणाली.

"अगं, मानाची गोष्ट हाय. पायात धान्याचा घट पुरतात. ह्या जागेचं बी ह्याच जागेच्या पोटात जाईल. आईलाच बरं वाटंल."

हा माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर त्याने बी फेकले असते, आणि बायकांनी ते वेचून घेतले असते. त्याने मान दिला. बियाण्याला जमीन हवी असते, एवढे त्याला कळले. पण पुरणे आणि पेरणे यांतले अंतर, शेतकऱ्याचा मुलगा असून, तो कचेरीत विसरला होता. माझे लिंपण फोडून त्याने हळदकुंकू वाहिले, आणि ज्या वसाहतीत तान्ह्याला अंघोळ एक दिवसाआड मिळत होती तिथे माझ्या पोटात पाच तांबे पाणी ओतले. टाळ्या वाजल्या. पाहुणे म्हणाले, आता इथे संस्कृती उभी राहील. धुरपताबाई कुंपणापाशी उभी होती. तिला बोलावणे नव्हते.

"किशनराव," ती मोठ्याने म्हणाली, "डेरा कोनाचा हाय, इचारलं का?"

कोणी मान वळवली नाही. मला पायाच्या चरात उतरवले, माझ्यावर फरशी बसली आणि फरशीवर माती.

संध्याकाळी तुळजाबाईचा आवाज मी मातीतून ऐकला.

"पुजलंय की आई, फेकलं का?"

"पुजलेलं शिजवून घालता येतं का रे तुझ्या बायकूला?"

किशनराव म्हणाला, पुरलेला घट उकरणे अशुभ असते. अशुभ हा शब्द ज्याचे उत्तर संपले त्याच्या तोंडी फार लवकर येतो. तुळजाबाईही त्या शब्दाला बिचकली आणि घरी गेली. तिच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

दोन दिवस मी खाली होतो. ओले बी फुगले. घेवड्याचे दाणे एकमेकांना रेटू लागले आणि माझ्या पोटाला तडा गेला. सांभाळण्यासाठी ज्यांना जवळ घेतले, त्यांनीच मला फोडले. त्यांचा दोष नाही. त्यांना वर यायचे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी खडीचा ट्रक आला. मागे येता येता तो चरापाशी थांबला. सिंधुला सातवा महिना होता. मातीत कापलेल्या पायऱ्यांवरून ती धुरपताबाईचा हात धरून चरात उतरली. तिने माती बाजूला करून फरशी सरकवली आणि मला उचलले. माझे दोन तुकडे झाले. आत राखेचा चिखल होता, आणि चिखलात पांढरे मोड.

"वर ये," किशनराव ओरडला. "लोक बघायलेत."

"बघू द्या," सिंधु म्हणाली, आणि खाली बसली.

किशनराव ट्रकवाल्याकडे वळला. तो भोकरचा नरसिंग. "तू टाक रे खडी. उठंल ती."

नरसिंगाने इंजिन बंद केले. "साहेब, खाली बाई हाय. मी न्हाई टाकनार."

काठावर चौदा घरांच्या बायका जमल्या होत्या. पार्वतीबाईसुद्धा. तुळजाबाई त्यांतून पुढे आली. मुलाकडे न बघता तिने लुगडे खोचले आणि पायऱ्या उतरून सुनेशेजारी बसली.

मला आता कोणी जोडू नये, आणि पुन्हा पुजू तर मुळीच नये. माझी खापरे माती उकरायला चालतील. त्या सकाळी ती चाललीच. एक तुकडा सिंधुच्या हातात होता, दुसरा तुळजाबाईच्या. मोड आलेले दाणे धुरपताबाई चराच्या मातीत पेरायला निवडून देत होती. दहाच्या सुमारास नरसिंगाने ट्रक वळवून नेला. दुपारी चौदा घरांची भांडी राखेने घासली गेली, आणि पाण्याच्या बादल्या एकामागून एक पायाच्या चरात ओतल्या गेल्या.